कानोसा : ‘पास’ आलंय, मग पुन्हा तपासणी कशाला?

गेल्या अंकात नवजात बाळांच्या कानांच्या तपासणीवर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत कावीळ झालेल्या बाळांच्या घरून आलेली पत्रं इतकी आहेत की हा महिना त्यांच्यासाठीच ठेवते आहे. नावं छापत नाही, राहण्याचं ठिकाण तेवढं ठेवलं आहे. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी, बालरोगतज्ज्ञ नव्हे. औषध आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण या बाळांच्या फायली शेवटी आमच्या टेबलावर येतात, आणि पुष्कळदा उशिरा येतात, म्हणून या विषयावर हातचं राखून लिहिणं मला जमणार नाही.

मॅडम, माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. छत्तिसाव्या आठवड्यात झाला. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी तळपाय पिवळे दिसले, दूधही ओढेना. दवाखान्यात नेलं तर बिलिरुबिन २७ निघालं आणि त्याच रात्री रक्त बदललं. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, बाळाचा बी पॉझिटिव्ह. घरी पाठवताना कानाला मशीन लावली, दोन्ही कान पास. आता तीन महिन्यांचा झाला की बेरा टेस्टला बोलावलं आहे. सासरे म्हणतात, कागदावर पास लिहिलंय तर पोराला झोपेचं औषध पाजून पुन्हा तपासणी कशाला? कुकरची शिट्टी झाली की तो दचकतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. जायलाच हवं का?
— एक आई, भांडुप

हो, जायलाच हवं. तारीख पुढे ढकलू नका.

तुमच्या सासऱ्यांची शंका रास्त आहे. पास लिहिलेला कागद हातात असताना पुन्हा का बोलावलं, हे तुम्हाला कुणीतरी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. तर मी सांगते.

घरी सोडताना जी तपासणी झाली ती बहुधा ओएई. कानात रबराची छोटी बोंडी बसवतात, आतून टिकटिक आवाज सोडतात. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्या ठणठणीत असतील तर आवाजाला उत्तर म्हणून त्या स्वतः एक अगदी क्षीण आवाज बाहेर टाकतात. तो मशीनने टिपला की पास. तपासणी उत्तम आहे, मिनिटभरात होते आणि बहुतेक बाळांसाठी पुरते. पण ती त्या पेशींपाशीच थांबते. तिथून पुढे आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आणि तीव्र कावीळ घाव घालते ती नेमकी पुढच्या वाटेवर. बिलिरुबिन म्हणजे लाल पेशी फुटल्या की तयार होणारं पिवळं द्रव्य. रक्तात मोकळं फिरणारं बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत उतरतं. मेंदूच्या देठातली ऐकण्याची केंद्रं आणि श्रवणाची नस त्याला फार लवकर बळी पडतात. कानातल्या त्या पेशी मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतात. गणपतीच्या मांडवात माइक नवा कोरा असावा आणि स्पीकरकडे जाणारी वायर मध्येच सुटलेली असावी, तसं हे होतं. ओएईने माइक तपासला. वायर बेरा तपासते. म्हणून तीव्र कावीळ झालेल्या बाळाच्या कागदावर नुसतं ओएई पास असेल, तर मी ती तपासणी अर्धीच झाली असं धरते.

बेरा म्हणजे काय करतात तेही सांगते, म्हणजे घरच्यांची भीती जाईल. कपाळ आणि दोन्ही कानांमागची त्वचा खरखरीत जेलने जराशी घासतात. बाळ कुरकुरतं ते एवढ्यापुरतंच. मग तिथे तारा लावलेल्या छोट्या चकत्या चिकटवतात. कानात मऊ फोमचे इअरफोन. आवाज सुरू झाला की पडद्यावर आधी नुसती खरबरीत रेघ दिसते. शेकडो आवाजांची सरासरी जमत गेली की तिच्यातून लहरी वर येऊ लागतात: पहिली, तिसरी, पाचवी. पहिली नसेची, पुढच्या देठातल्या एकेका टप्प्याच्या. आवाज कमी करत न्यायचा आणि पाचवी लहर कुठपर्यंत टिकते ते पाहायचं. दोन लहरींमधलं अंतर वाढलं असेल तर संदेश वाटेत रेंगाळतोय असं समजतं. सुई नाही आणि बाळाला झटका तर नाहीच. त्या तारा बाळाच्या अंगातून निघणारे संकेत फक्त वाचतात.

आता झोपेच्या औषधाबद्दल. तीन महिन्यांचं बाळ बहुतेक वेळा नुसत्या दुधावर झोपतं, औषध लागतच नाही. लागलंच तर ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचं आणि तपासणीच्या जागीच द्यायचं. घरून काही पाजून आणू नका. भांडुपहून येताना एक गोष्ट सांभाळा. बाळ घरी जागं ठेवलेलं असतं, पण लोकलमध्ये बसलं की गाडीच्या हेलकाव्यांनी गाढ झोपतं आणि आमच्या दारात डोळे टक्क उघडून हजर होतं! मग अख्खी दुपार सगळ्यांची जाते. सोबत कुणाला तरी घ्या आणि गाडीत त्याला खेळवत, जागं ठेवत आणा. शेवटचं दूध तपासणीच्या खोलीत, चकत्या चिकटवून झाल्यावर द्या. आदल्या दिवसापासून कानात तेल घालायचं नाही. खरं तर कधीच घालायचं नाही, पण मालिश करणाऱ्या मावशींना त्या दिवशी तरी आवर्जून सांगा. पावसाळ्यात सर्दी असेल तर तेही आधी सांगा. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की आकडे चुकीचे येतात आणि नस निर्दोष असूनही घरचे हबकून जातात.

कुकरच्या शिट्टीवर दचकणं ही चांगली खूण आहे, पण पुरावा म्हणून धरू नका. काविळीने नस दुखावलेल्या बाळांत ऐकणं असून-नसून असं असतं. आज मोठ्या आवाजाला दचकेल, उद्या आईच्या हाकेला वळणार नाही. आवाज पोचतो, पण शब्द विस्कटून पोचतात. दचकण्यातून बोली शिकता येते की नाही ते कळत नाही.

तपासणी झाल्यावर मॅडमना किंवा सरांना मोकळेपणाने विचारा, ‘दोन्ही पोलॅरिटीचे क्लिक देऊन कॉक्लिअर मायक्रोफोनिक पाहिलं का?’ वाक्य अवघड वाटलं तर हा अंकच घेऊन जा. लहरी आल्या नाहीत तर दोष केशपेशींचा की नसेचा, हे त्यावरून ठरतं, आणि पुढचे उपचार त्यावरच अवलंबून असतात. निकाल चांगला आला तरी नऊ महिन्यांच्या आसपास पुन्हा एकदा दाखवा. बिघाड दिसला तरी लगेच हातपाय गाळू नका. काविळीनंतर बिघडलेला बेरा पहिल्या वर्षात सुधारताना मी पुष्कळ बाळांत पाहिला आहे. म्हणूनच तर तो पुन्हा पुन्हा करतात.

२७ आकड्याबद्दलही लिहिते, कारण तो तुमच्या मनात घर करून बसला असेल. आकडा मोठा आहे. त्यात बाळ छत्तिसाव्या आठवड्यातलं आणि आई ओ, बाळ बी, म्हणजे आईच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांनी बाळाच्या लाल पेशी फुटत होत्या. अशा वेळी तोच आकडा जास्त धोक्याचा असतो. पण बिलिरुबिन किती काळ चढलेलं राहिलं यालाही तितकंच महत्त्व आहे, आणि तुम्ही तळपाय पाहून त्याच दिवशी नेलंत. त्याच रात्री रक्त बदललं गेलं. अदलाबदलीत बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट रक्त हळूहळू फिरवतात आणि बिलिरुबिन एका फटक्यात निम्म्याच्या आसपास येतं. यानंतर अगदी निरोगी वाढणारी मुलं भरपूर आहेत.

मात्र कानांबरोबर मेंदूच्या वाढीची तपासणीही चालू ठेवा. चौथ्या महिन्यात मान धरतोय का, मुठी उघडतोय का, वरच्या दिशेला डोळे फिरवतोय का, अंग अवाजवी ताठ किंवा ढिलं तर नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांना दर भेटीत पाहायला सांगा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाला अमिकासिन किंवा जेंटामायसिन दिलं होतं का, तेही डिस्चार्ज कार्डावर शोधा. ही औषधं केशपेशींना इजा करू शकतात. म्हणजे त्या बाळाची नसही तपासायची आणि पेशीही.

आमच्या मुलीला चौथ्या दिवशी बिलिरुबिन १४ होतं. दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं आणि घरी सोडलं. पूर्ण दिवसांची आहे. तिलाही बेरा करायला हवा का? आम्ही फार घाबरलो आहोत.
— एक बाबा, अंधेरी

घाबरू नका. दिवस भरलेल्या, छान दूध पिणाऱ्या बाळाला १४ पर्यंतची कावीळ झाली, तिचं दुसरं काही कारण निघालं नाही, तर त्याने मेंदूला किंवा नसेला इजा होत नाही. पहिल्या आठवड्यात थोडं पिवळं होणं बहुतेक बाळांच्या वाट्याला येतं. तिची कानांची नेहमीची तपासणी महिनाभराच्या आत झाली नसेल तर करून घ्या, पण ती प्रत्येकच बाळाची व्हायला हवी. कावीळ झाली म्हणून बेरा करायचा तो साधारण बिलिरुबिन २० च्या पुढे गेलं, रक्त बदलावं लागलं किंवा त्या पातळीच्या जवळ पोचलं, बाळ फारच अपुऱ्या दिवसांचं जन्मलं होतं, किंवा काविळीच्या दिवसांत ते सुस्त पडलं होतं, अशा वेळी.

मी सत्तरीतली आजी. आमच्या वेळी पिवळं बाळ झालं की सकाळच्या उन्हात धरत असू. आता सून म्हणते ऊन नको, डॉक्टर नको म्हणाले. नातू आठ दिवसांचा आहे, थोडा पिवळा आहे. लालबागच्या आमच्या चाळीत सकाळी गॅलरीत छान ऊन येतं. एवढ्याने काय बिघडणार? आणि ट्रंकेतली जुनी दुपटी, झबली काढून ठेवली आहेत, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून सून तीही वापरू देत नाही.
— एक आजी, लालबाग

आजी, तुमच्या उन्हाला मोठा इतिहास आहे, तो आधी सांगते. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाच्या गावच्या रुग्णालयात १९५६ मध्ये जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एक बाळ डॉक्टरांना दाखवताना त्यांच्या लक्षात आलं की कपड्याखाली झाकलेला भाग पिवळाधमक आहे आणि उघडा भाग फिका. त्याच रुग्णालयात खिडकीपाशी राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही उतरलेलं निघालं. तिथून निळ्या दिव्यांचा उपचार जन्मला, १९५८ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि रक्त बदलण्याची पाळी असंख्य बाळांवरून टळली. तेव्हा उजेडाने कावीळ उतरते हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

पण बाळाला हवा असतो तो त्या उजेडातला निळा भाग, ठरावीक तीव्रतेचा, अंगाच्या जास्तीत जास्त भागावर आणि तासन्तास. गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं धरून तेवढा मिळत नाही. तेवढं मिळावं म्हणून जास्त वेळ उघडं ठेवलं तर बाळ तापतं, भाजतं, नाहीतर गारठतं. आणि माझी खरी भीती निराळी आहे. ‘ऊन देतोय ना’ या भरवशावर दोन दिवस निघून जातात आणि बिलिरुबिन चढत राहतं. उशिरा आलेल्या कितीतरी बाळांच्या घरून मी हेच ऐकलं आहे. नातवाला घेऊन गॅलरीत जरूर बसा, पण तो उपचार समजू नका. रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच झाली पाहिजे.

दुपट्यांच्या बाबतीत मी तुमच्या सुनेच्या बाजूने आहे. डांबराच्या गोळ्यांत नॅप्थालिन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, मुलग्यांमध्ये अधिक. आपल्या मुंबईत पारशी कुटुंबांत हा दोष बराच आढळतो, पण तो इतरही समाजांत आहे. अशा बाळाच्या अंगाला नॅप्थालिन लागलं किंवा त्याचा वास छातीत गेला तरी लाल पेशी भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढू शकते. बाळात हा दोष आहे हे घरात बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. दुपटी धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेला की मगच वापरा. पुन्हा ट्रंकेत ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला.

घुटी, मध, ग्लुकोजचं पाणी यांनी कावीळ उतरत नाही. उलट पोट पाण्याने भरतं आणि बाळ आईचं दूध कमी ओढतं. बिलिरुबिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः शीमधून, आणि शी होते दुधाने. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजलं जाऊ दे. मध तर वर्षाच्या आत देऊच नका.

तुमच्यासारखी अनुभवी नजर घरात आहे हे त्या बाळाचं भाग्य आहे, तिचा उपयोग असा करा. पिवळेपणा दिवसाउजेडी पाहा, बल्बच्या प्रकाशात नाही. कपाळ किंवा छाती बोटाने हलकी दाबून सोडा आणि उमटलेला रंग पाहा, हिरड्याही पाहा. कावीळ चेहऱ्यापासून खाली उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच तासाला निघा. बाळ दूध ओढेनासं झालं, गळून पडलं, चिरका रडू लागलं, मान-पाठ मागे ताणू लागलं तर रात्र असो की पाऊस, सकाळची वाट पाहायची नाही. बिलिरुबिन मेंदूत उतरायला लागल्याच्या या खुणा आहेत. आणि चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला व शी खडूसारखी पांढरट झाली, तर तो यकृताच्या नळ्यांचा वेगळाच आजार असू शकतो. त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर लाभ अधिक, म्हणून तिथेही दिवस घालवू नका.

माझा मुलगा आठ महिन्यांचा. जन्मानंतर कावीळ खूप वाढली होती, उशीर झाला होता. अजून मान नीट धरत नाही, रडला की ताठ होतो, झोपला की एकदम सैल. बेरामध्ये दोन्ही कानांना ‘९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही’ आलं, पण ओएई पास आहे. एकजण म्हणतो मशीन खराब होती. श्रवणयंत्राच्या दुकानदाराने रिपोर्ट पाहून जास्तीत जास्त ताकदीची दोन यंत्रं घ्या म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, कशाला पैसे घालवता. मी रिक्षा चालवतो. काय करू?
— एक बाबा, मानखुर्द

दादा, मशीन बहुधा ठीक होती. ओएई पास आणि बेरा सपाट ही जोडी विचित्र दिसते, पण तीव्र काविळीनंतर ती नेहमी भेटते. तिला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. वर भांडुपच्या ताईंना लिहिलं आहे तेच: पेशी शाबूत, नस दुखावलेली.

दुकानातली यंत्रं आत्ता घेऊ नका. या आजारात बेरा सपाट आला तरी बाळ प्रत्यक्षात किती ऐकतं ते त्यावरून मुळीच ठरत नाही. कुणाला जवळजवळ नीट ऐकू येतं, कुणाला काहीच नाही. बेरातला आकडा धरून जोरदार यंत्र लावलं आणि बाळाचं ऐकणं तितकं कमी नसलं, तर त्या आवाजाने चांगल्या पेशींनाच इजा होऊ शकते. किती ऐकतो हे बाळाच्या वागण्यावरूनच मोजायला लागतं. आवाज आला की डोकं वळवायचं, मग दिवा लागून खेळणं हलतं, अशा खोलीत ती तपासणी होते. मुलाची मान अजून स्थिर नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांची हालचाल, दूध ओढताना थबकणं, श्वास बदलणं हे सगळं पाहणारी अनुभवी व्यक्ती हवी. एका भेटीत होणार नाही. त्यातून आकडे मिळाले की योग्य ताकदीची यंत्रं काही महिने लावून पाहतात. त्याने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. नसेच्या या आजारातही पुष्कळ मुलांना इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो, सगळ्यांना सारखा होत नाही. बेरा पुन्हा केल्याशिवाय आणि वागण्यावरची तपासणी झाल्याशिवाय त्यासाठी घाई करू देऊ नका.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून हेच काम करते. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही ऑडिओलॉजीचा विभाग आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी सगळे कागद घेऊन जा: डिस्चार्ज कार्ड, बिलिरुबिनचे रिपोर्ट, बेराचा आलेख छापलेला कागद. नुसता निकाल लिहिलेला कागद पुरत नाही, आलेख हवा. अपंग व्यक्तींना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्रं आणि पात्र लहान मुलांना इम्प्लांटही मिळतं. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढायला टाका.

आता ताठ आणि सैल होण्याबद्दल. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर टिपलंत: जागा, रडताना ताठ आणि झोपेत सैल. बिलिरुबिन मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालीला वळण देणाऱ्या केंद्रांत साचतं, त्याची ही खूण आहे. बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा, ताठरपणा कमी करणारी औषधं आहेत. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या महिन्यातच सुरू करा. कडेवर कसं घ्यायचं, भरवताना मान-पाठ कशी टेकवायची, हे बाळाच्या आईला आणि तुम्हाला दोघांनाही शिकून घ्यायला सांगते. परळच्या वाडिया बालरुग्णालयात हे सगळे विभाग एका आवारात आहेत. पुढे दुधाचे दात आले की त्यांचं आवरणही ठिसूळ निघू शकतं, तेव्हा दंतवैद्यांनाही दाखवा.

आणि नातेवाइकांचं ते वाक्य. त्याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी देते आहे, कारण ते वाचून मला फार त्रास झाला. काविळीने हालचाल जाते, ऐकणं जातं, बोलणं अडतं, पण समज पुष्कळ मुलांत शाबूत राहते. ज्याचे हात ऐकत नाहीत, तोंडातून शब्द येत नाही आणि ज्याला ऐकूही नीट येत नाही, त्या मुलाला काही कळत नाही असं लोक परस्पर ठरवून टाकतात. मग त्याच्याशी कुणी बोलतच नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. तुमच्या मुलाच्या समोर बसा, चेहऱ्याला चेहरा लावून बोला. दूध, आंघोळ, बाबा, बाहेर, झालं, प्रत्येकाला एकेक खूण ठरवा आणि शब्दाबरोबर ती रोज करा. खुणांनी बोलणं थांबत नाही. तो डोळ्यांनी उत्तर देतो का पाहा. रिक्षातून घरी आल्यावर तो तुमच्याकडे बघून हसतो का? हसत असेल तर तुमच्या नातेवाइकांना ते दाखवा.

माझ्या पहिल्या बाळाला तीव्र कावीळ झाली होती, रक्त बदलावं लागलं. आता तो चार वर्षांचा आहे, ऐकणं-बोलणं उत्तम. मला पुन्हा दिवस गेले आहेत. माझा गट ए निगेटिव्ह, मिस्टरांचा पॉझिटिव्ह. या वेळी काय काळजी घेऊ?
— एक आई, बोरिवली

अभिनंदन, आणि मोठ्याचं वाचून फार आनंद झाला.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं की आईच्या रक्तात बाळाच्या लाल पेशी फोडणारी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ती होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन देतात. पहिल्या बाळाच्या वेळी प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते मिळालं होतं का, तो कागद शोधा. मिळालं असो वा नसो, आत्ताच इनडायरेक्ट कूम्ब्स ही रक्ततपासणी करून घ्या. तुमच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली आहेत का ते त्यात कळतं. झाली असतील तर अँटी-डीचा उपयोग नाही. मग पोटातल्या बाळावर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात आणि प्रसूती एनआयसीयू व रक्त बदलण्याची सोय असलेल्या ठिकाणीच करावी लागते. झाली नसतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर एक इंजेक्शन.

प्रसूतीगृहात पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मोठ्याचं रक्त बदललं होतं. बाळाच्या नाळेतल्या रक्तावर गट, डायरेक्ट कूम्ब्स (प्रतिपिंडं बाळाच्या लाल पेशींना चिकटली आहेत का ते) आणि बिलिरुबिन पाहायला सांगा. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘नेहमीची’ नसते, मग आकडा कितीही लहान वाटो. दुसऱ्या दिवशी घरी सोडत असतील तर पुढच्या तपासणीची तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय निघू नका, आणि ती दोन दिवसांच्या आतली असू दे. बिलिरुबिनचा शेवटचा आकडा आणि तो किती तासांच्या वयाला घेतला, दोन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. कानांसाठी घरी जाण्याआधी ऑटोमेटेड बेरा होत असेल तर ओएईच्या जोडीला तोही करून घ्या. मोठ्याचे जुने रिपोर्ट त्याच फाइलमध्ये ठेवा, नव्या डॉक्टरांना ते पहिल्या भेटीतच लागतील.